यादी कुणाच्या हातात?

(सावित्रीबाई फुले यांच्या स्मृतिदिनी, 10 मार्च रोजी मौदा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



1897 साली आजच्याच तारखेला सावित्रीबाई गेल्या. पुण्यात प्लेग होता. त्यांचे चिरंजीव डॉक्टर यशवंत यांनी शहराबाहेर माळावर दवाखाना घातला होता. घरोघरीचे रुग्ण सावित्रीबाई स्वतः तिथं आणत. मुंढव्याच्या एका आजारी पोराला त्यांनी पाठीवर घेतलं आणि दवाखान्यापर्यंत चालत आणलं. त्यातच त्यांना लागण झाली. आपण त्यांना पहिली शिक्षिका म्हणतो, आणि ते खरंच आहे. पण त्या गेल्या मदतकार्य करताना. आज मला त्यांची आठवण त्या अंगानं काढायची आहे.

त्याआधी 34 वर्षं, 1863 साली, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवेला दिवस जायचे. बहुतेक वेळा घरातल्याच, नात्यातल्याच पुरुषाकडून. मग तिच्यापुढे काय उरायचं? विहीर, नाहीतर पोराच्या नरड्याला नख आणि त्यानंतर जन्मठेप. अशा बाईला या दोघांनी सांगितलं, इथं ये, गुपचूप बाळंत हो, मूल न्यायचं तर ने, ठेवायचं तर ठेव. तुला कुणी काही विचारणार नाही. बघा, दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी या दोघांना किती नेमकं कळलं होतं! संकटातल्या बाईला भाकर लागतेच, पण त्याच्याइतकंच एक असं दार लागतं की जिथं तिची बेअब्रू होणार नाही.

आजचा माझा विषय हाच आहे. पूर, भूकंप, दुष्काळ, साथ यांत आपण मदतीला धावतो. त्या मदतीच्या जागी, आणि कधीकधी मदत करणाऱ्याच्याच हातून, बायकांवर आणि मुलींवर जो अत्याचार होतो, तो कमी कसा करायचा?

मला माहीत आहे, ऐकायला हे बरं वाटत नाही. एका बैठकीत एक सज्जन मला म्हणाले होते, "ताई, गावात पाणी शिरलं असताना आम्ही माणसं वाचवायची की हे बघत बसायचं?" त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती, ते रात्रभर बोटीवर होते. पण मी त्यांना विचारलं, भाऊ, पाण्यातून काढलेली पोरगी छावणीत नासवली गेली, तर आपण तिला कशातून वाचवलं?

काही जणांना वाटतं, हे परदेशी संस्थांनी आणलेलं खूळ आहे. तसं नाही. हा विषय आपल्या मातीतल्या एका बाईनं मांडला आहे, आणि तोही आपल्याच मुलखाबद्दल. 1896-97 साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. मध्य प्रांत म्हणजे कोणता? ज्याची राजधानी नागपूर होती तो. हा आपला मौदाही त्याच प्रांतात. पंडिता रमाबाई तेव्हा पुण्यात शारदा सदन चालवत होत्या. दुष्काळ म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायला नको होतं, त्यांच्या पोरवयात आई-वडील दुष्काळातच गेले होते. त्या उठल्या आणि मध्य प्रांतात फिरल्या. सरकारनं उघडलेली दुष्काळी कामं पाहिली, अनाथ-भुकेल्यांना ठेवलेली गरीबगृहं पाहिली. आणि काय लिहिलं? की तिथं देखरेखीला ठेवलेल्या माणसांपासूनच तरण्या मुलींना धोका आहे, आणि मुली पळवणारे दलाल आसपास टपून आहेत. उपाशी मुलीला पोटाला घालणारा माणूसच तिची किंमत ठरवतो, हे त्यांनी छापून सांगितलं. शेकडो मुली-बायका त्यांनी आपल्यासोबत नेल्या, आणि त्यांतून पुढे केडगावचं मुक्ती सदन उभं राहिलं.

थोडं थांबून याचा विचार करा. सरकारी कागदावर ती गरीबगृहं मदतकार्य होती. तिथं धान्य शिजत होतं, हजेरी लागत होती, हिशेब ठेवला जात होता. सगळं कागदोपत्री ठाकठीक. मग रमाबाईंनाच ते का दिसलं? कारण त्या मुलींजवळ बसल्या. त्यांनी विचारलं.

त्याच वर्षी पुण्यात प्लेगची झडती सुरू झाली. गोरे सोजीर घरात शिरत, माणसांना छावणीत नेत. रमाबाईंनी मे 1897 मध्ये वर्तमानपत्रात पत्र लिहिलं आणि प्लेगच्या इस्पितळात व छावणीत बायकांचे काय हाल होतात ते मांडलं. मुंबईच्या गव्हर्नरांनी ते साफ नाकारलं. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या बातम्यांवरून त्यांनी तिथल्या वर्तमानपत्रात सांगितलं की सोजिरांनी दोन बायकांवर अत्याचार केला. सरकार म्हणालं, पुरावा द्या. गोखले परत आले, पुरावा हाती लागेना, ज्यांनी कळवलं होतं ते पुढे येईनात. शेवटी गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. पुढं कितीतरी दिवस त्या माफीचा सल त्यांना होता.

त्या दोन घटनांचा निवाडा मी सव्वाशे वर्षांनंतर इथं उभी राहून करणार नाही. पण एक प्रश्न मला सोडत नाही. समजा, झाडून सगळं खरं असतं, तरी त्या बाईनं सांगायचं कुणाला होतं? झडती घेणारे तेच, छावणी चालवणारे तेच, चौकशी करणारेही तेच. घरी सांगावं तर अब्रू. शेजारी सांगावं तर बोभाटा. पुरावा कुठून येणार? तक्रार ऐकणारा कानच जिथं नाही, तिथं तक्रार आली नाही म्हणजे सगळं आलबेल आहे, असं कसं समजायचं? आजही जिल्हा-जिल्ह्यांत मी ऐकते, "आमच्या छावणीत एकही तक्रार नाही." मी विचारते, तक्रार करायची सोय काय होती? त्यावर गप्प बसतात.

आता मूळ मुद्द्यावर येते. हे घडतं का? माणसं वाईट असतात म्हणून? काही असतात. पण मी तीसएक वर्षं या कामात आहे आणि माझं मत असं झालं आहे की माणूस पारखण्यावर हे काम सोडता येत नाही. मदत म्हणजे सत्ता असते. ज्याच्या हातात यादी आहे, ज्याच्याकडे गोदामाची किल्ली आहे, त्या माणसाला चार दिवसांपुरतं का होईना, दुसऱ्याच्या चुलीवर राज्य मिळतं.

एका ठिकाणी, जिल्हा सांगत नाही, ताडपत्र्या वाटायच्या होत्या. यादी करणारा गावातलाच एक कार्यकर्ता, एरवी पुढे पुढे धावणारा. एक तरणी विधवा, दोन लेकरं, छप्पर उडालेलं. तिचं नाव यादीत नव्हतं, कारण राशनकार्डावर सासऱ्याचं नाव. ती विचारायला गेली. तो म्हणाला, "सांजच्याला एकटी ये, तुहं नाव चढवून देतो." एवढंच वाक्य. अंगाला हात नाही, शिवी नाही. ती गेली नाही. ताडपत्रीही मिळाली नाही. पावसाळाभर ती लेकरं घेऊन देवळाच्या ओसरीत झोपली. मला हे कळलं दिवाळीनंतर, तेही भलत्याच गोष्टीबद्दल बोलताना. आमच्या अहवालात त्या गावापुढे लिहिलं होतं: वाटप पूर्ण.

त्या अहवालाखाली माझी सही होती. माझ्याकडून झालेली ती चूक आहे आणि आज तुमच्यापुढे मी ती कबूल करते.

जगात काय वेगळं झालं? 2002 साली पश्चिम आफ्रिकेतल्या निर्वासितांच्या छावण्यांतून असंच बाहेर आलं की धान्यासाठी मुलींकडून शरीर मागितलं जातं, आणि मागणाऱ्यांत मदत संस्थांची माणसं आहेत. काँगोत इबोलाची साथ होती, तेव्हा नोकरीचं आमिष दाखवून बायकांवर अत्याचार झाले. 2021 साली चौकशी समितीनं 80 हून अधिक जणांवरचे आरोप मांडले, त्यांत 21 जण जागतिक आरोग्य संघटनेकडे कामाला होते. "सांजच्याला एकटी ये" हे वाक्य सगळ्या भाषांत आहे.

आणि आपल्या विदर्भात? तुमच्यात ज्या वडीलधाऱ्या आहेत त्यांना विचारते, देसाईगंज आठवतं का? आपलं वडसा. 26 मार्च 1972. एक आदिवासी मजूर पोरगी, चौदा-सोळा वर्षांची. भावानं केलेल्या तक्रारीच्या कामानं पोलीस ठाण्यात आलेली. रात्री बाकीच्यांना बाहेर काढलं, तिला आत ठेवलं. दार आतून लावलेलं, दिवे मालवलेले. तिचं नाव कायद्याच्या प्रत्येक पुस्तकात आहे, म्हणून मी ते इथं घेणार नाही. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं दोन पोलिसांना दोषी ठरवलं. 1978 साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांना सोडलं. का? तिच्या अंगावर खुणा नव्हत्या, तिनं आरडाओरडा केला नाही. म्हणजे तिची संमती होती! पोलीस ठाण्यात, मध्यरात्री, बंद दाराआड, एका मजुराच्या पोरीनं ओरडायचं होतं. कुणाला बोलवायला? पोलिसांना?

1979 साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. देशभर बायका रस्त्यावर आल्या. 1983 साली कायदा बदलला. पोलीस असो, सरकारी नोकर असो, इस्पितळातला किंवा महिला-बालगृहातला कर्मचारी असो, त्याच्या ताब्यातल्या बाईनं कोर्टात "माझी संमती नव्हती" म्हटलं, की कोर्टानं संमती नव्हती असंच धरून चालायचं. देसाईगंजच्या एका पोरीपायी या देशाच्या कायद्यानं हे मान्य केलं की एकाच्या हाती सगळी सत्ता आणि दुसरी त्याच्या ताब्यात, अशा जागी "तिनं नाही म्हटलं नाही" याला काही अर्थ नसतो. छावणी ही तशीच जागा आहे. गरजही माणसाला ताब्यात घेते.

आता आपल्या नदीकडे येऊ. ऑगस्ट 2020 चा शेवट तुम्हाला मी काय सांगू? पेंचची धरणं भरली, दरवाजे उघडले, कन्हान फुगली. मौदा, कामठी, कुही, पारशिवनी, किती गावांत पाणी. खाली भंडारा. वरून कोरोना. माणसं शाळांत, समाजमंदिरांत नेली. त्या दिवसांत नदीकाठच्या एका शाळेत मी गेले होते. भात-वरण भरपूर होतं, गावोगावच्या पोरांनी पोत्यांनी आणून टाकलं होतं. चादरी होत्या. एका म्हातारीला मी पाण्याचा पेला दिला, तिनं दोन घोट घेऊन ठेवून दिला. म्हटलं, घ्या ना. तर म्हणते, "सांजपासून पाणी कमीच पेतो जी आम्ही बाया. रातच्याले उठा नाही लागत मंग."

मी संडास बघायला गेले. शाळेच्या मागं, पटांगण ओलांडून, दिवा नाही. दोन दारं. एकाला आतून कडी नव्हती, कडीच्या जागी चार भोकं होती, स्क्रू निघून गेलेले. दुसऱ्याचं दार फुगून अर्धवट लागत होतं. बाया जोडीनं जात होत्या, एक आत, एक बाहेर दार ओढून उभी. आणि तेरा-चौदा वर्षांची एक पोरगी तिथं भिंतीला लागून उभी होती. तिची सोबतीण कुठं गेली कोण जाणे. ती किती वेळ तशी उभी होती, मला माहीत नाही. मी दार धरलं, ती गेली. बाहेर येऊन काही न बोलता निघून गेली.

त्या शाळेत हजारो रुपयांचं धान्य होतं. कडीला किती लागतात? पन्नास-साठ रुपये?

2016 पासून राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे किमान निकष आहेत. छावणीत माणशी साडेतीन चौरस मीटर जागा, 30 माणसांमागे निदान एक संडास, बायकांसाठी न्हाणी-संडास वेगळे. कागद चांगला आहे. पण कडी कागदात बसत नाही, ती कुणीतरी हातानं बसवावी लागते. शाळेची चावी कुणाकडे, रात्री वर्गात कोण झोपणार, एकट्या बायका आणि पोरी कुठल्या खोलीत, बाहेरची माणसं किती वाजेपर्यंत आत येणार, हे पाणी चढल्यावर ठरत नाही.

आणि 2020 च्याच एप्रिल-मे महिन्यांत आपल्या दारावरून काय गेलं ते आठवा. टाळेबंदीत छत्तीसगड-ओडिशाकडे चालत निघालेले मजूर याच भंडारा रोडनं गेले. तुम्ही त्यांना पाणी पाजलं, खिचडी दिली, पायात चपला दिल्या. मला त्याचा अभिमान वाटतो. आज फक्त एवढं विचारते. रस्त्यावर मंडप होते, पाण्याच्या टाक्या होत्या. त्या बायांना आडोसा होता का? पाळी आलेल्या बाईला कापड मागायला मंडपात एखादी बाई होती का? की सगळेच भाऊ, दादा, काका? हे मी दोष द्यायला म्हणत नाही. आपल्या मनात आलंच नाही, एवढंच.

मग करायचं काय? याचं उत्तर मी किल्लारीच्या भूकंपात पाहिलं. 30 सप्टेंबर 1993, पहाटे तीन वाजून छप्पन मिनिटं. गणपतीचं विसर्जन करून माणसं झोपली होती. लातूर-उस्मानाबादमध्ये हजारोंनी माणसं गेली. मी तेव्हा समाजकार्याची विद्यार्थिनी होते. पहिल्या दिवसांत मी काय पाहिलं? ट्रक यायचा, पुरुष धावायचे, दांडगे पुढे, बाया मागे पदर तोंडाला लावून उभ्या. पुढं घरदुरुस्तीचा मोठा कार्यक्रम आला, बाराशेच्या वर गावं त्यात होती. तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं एक मागणी लावून धरली: गावात माहिती देणारी, याद्या वाचणारी, काम बघणारी माणसं म्हणून बायका नेमा. गावोगाव महिला मंडळांतल्या बाया "संवाद सहायक" झाल्या. ज्या बाईनं कधी ग्रामपंचायतीची पायरी चढली नव्हती, ती सिमेंट-वाळूचं प्रमाण विचारू लागली, ग्रामसभेत यादी मोठ्यानं वाचू लागली.

यात अत्याचार थांबवण्याचं काय आलं, असं तुम्ही विचाराल. सगळंच त्यात आलं! यादी चावडीवर वाचली गेली की "सांजच्याला एकटी ये" म्हणायला जागा उरत नाही. नाव का नाही, हे चार बायांच्या देखत विचारता येतं. जी विधवा सासऱ्याच्या कार्डाखाली दडलेली असते, ती शेजारणीला माहीत असते, तलाठ्याला नसते. प्रेमाताई 2022 साली गेल्या. त्यांनी घातलेली ही वाट आपण आपल्या नदीकाठी अजून घातलेली नाही.

कायद्याबद्दल थोडक्यात, कारण तुमच्यातल्या आशाताई, अंगणवाडी सेविका माझ्याकडे बघताहेत. राजस्थानातली भंवरी देवी तुमच्यासारखीच गावात फिरून काम करणारी होती. बालविवाह अडवला म्हणून 1992 साली तिच्यावर अत्याचार झाला. त्यातून 1997 चा सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल आला आणि कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा आला. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक कचेरीत, संस्थेत तक्रार समिती हवी, मग ती संस्था अन्नदान करणारी का असेना. जिथं ती नाही, तिथल्या बायकांसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती आहे. आणि एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते: तक्रार करणारी बाई त्या संस्थेत नोकरीला असलीच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. कोणत्याही वयाची, नोकरीत असो वा नसो. म्हणजे रांगेत उभी राहून किराणा घेणारी बाईसुद्धा. तक्रार तीन महिन्यांच्या आत द्यावी लागते. मुलगी 18 च्या खालची असेल तर पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, लागतो, आणि तिथं ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवलंच पाहिजे, गप्प बसणं हाच गुन्हा आहे. 181 आणि 112 हे आकडे शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवून घ्या. पाणी चढलं की मोबाइल बंद पडतात, म्हणून गावातली एक बाईही नेमून ठेवा, जिच्याकडे काही न लिहिता, नाव न सांगता जाता येईल. बालहत्या प्रतिबंधक गृहाचं दार असंच होतं.

पुरुषांना एक विनंती. तुम्ही बोट चालवता, पोती वाहता, रात्रभर जागता, ते तुमच्याशिवाय होणार नाही. पण वाटपाच्या जागी एकट्यानं बसू नका. दोघं बसा, त्यांत एक बाई असू द्या. यादी दारावर लावा. मदत घेणाऱ्या पोरीचा हात धरून फोटो काढू नका. आणि आपल्यातला एखादा "नाव चढवून देतो" म्हणताना कानावर आला, तर तो कितीही कामाचा असो, त्याच दिवशी त्याच्या हातातून यादी काढून घ्या.

आज 10 मार्च आहे. मृगाला तीन महिने उरले. इथून घरी गेल्यावर आपापल्या गावच्या शाळेत जा आणि संडासाच्या दाराला आतून कडी आहे का, ते स्वतः लावून बघा. नसेल तर शनिवारच्या बाजारातून एक कडी आणि चार स्क्रू घेऊन या.